काटकसरी फुलांचे उधळे कूळ

एरंड मराठी माणसाच्या चांगल्या ओळखीचा आहे. पंजाच्या आकाराची पाने, काटेरी बोंडे, नक्षीदार बिया, पोट साफ करणारे तेल, शेतात खत म्हणून पडणारी पेंड, होळीच्या मधोमध उभी केलेली फांदी. इतकेच काय, ओसाड गावच्या म्हणीतली त्याची जागाही आपल्याला ठाऊक असते. पण त्याचे फूल कसे असते, असे कुणी विचारले तर बहुतेकांना ते डोळ्यांपुढे आणता येत नाही. यात आपल्या नजरेचा दोष थोडा आणि एरंडाचा जास्त. त्याच्या फुलाला पाकळ्याच नसतात. एकाच दांड्यावर खालच्या बाजूला पिवळट पुंकेसरांचे झुबके, ती नर फुले; वरच्या बाजूला तांबडी टोके बाहेर काढलेली मादी फुले. डोळ्यांत भरणारा रंग नाही, सुवास नाही, परागकण वाऱ्याच्या हवाली केलेले. मध असतो, पण तो फुलात नाही, पानाच्या देठावरच्या बारीक ग्रंथींत. तो चाटायला मुंग्या येतात, आणि मुंग्यांची ये-जा असलेल्या फांदीवर पाने कुरतडणाऱ्या किडींना निवांत बसता येत नाही. म्हणजे एरंडाने गोडवा खर्च केला तो फुलाच्या पाहुण्यांवर नव्हे, पानांच्या राखणदारांवर.

हा जमाखर्च एकट्या एरंडाचा नाही. ज्या कुळाला मराठीत त्याचे नाव मिळाले, त्या एरंड कुळाची, शास्त्रीय भाषेत युफोर्बिएसीची, हीच सर्वसाधारण रीत आहे: फुलावर शक्य तितकी काटकसर आणि देहावर उधळपट्टी. जगभरात या कुळाच्या सुमारे ६,५०० जाती आहेत. त्यांतल्या २,०००च्या आसपास एकट्या युफोर्बिया या प्रजातीत मोडतात. फरशीच्या फटीत अंग चोरून वाढणारी नायटी, बांधावरचा त्रिधारी निवडुंग, कुंपणाचा शेर, केरळच्या डोंगरउतारांवरचे रबर, सेलमच्या शेतांतला टॅपिओका, खाडीकाठचा गेवा, बागेतले रंगीत क्रोटन आणि नाताळच्या सुमारास रोपवाटिकांत लालभडक होणारा पॉइन्सेटिया ही सगळी या एकाच कुळातली मंडळी. दोन शेजारी उभी केली तर त्यांचे नाते कुणालाही पटणार नाही. ते पटवून देणे, आणि नाते एक असताना रूपे इतकी वेगळी का, हे सांगणे, एवढेच या पुस्तकाचे काम आहे. प्रस्तावनेचे एरंडाचे गुऱ्हाळ होऊ नये याची काळजी घेऊन त्याची वाट इथे आखून देतो.

सुरुवात फुलापासूनच करायला हवी. त्यासाठी लांब जावे लागत नाही. दहापट मोठे दाखवणारे एक भिंग आणि रस्त्याकडेची नायटी पुरेशी आहे. हिला कुणी दुधी म्हणतात. पानांच्या बगलेत हिरवट-तांबूस गोंडे दिसतात. त्यांतला एक कण भिंगाखाली धरला की एक इवलासा पेला दिसतो. पेल्याच्या काठावर मधाच्या ग्रंथी, आत काही पुंकेसर, आणि मधोमध देठावर बाहेर डोकावणारा तीन फुगीर भागांचा हिरवा किंजपुट. पाहणारा म्हणेल, हे एक फूल. प्रत्यक्षात तो अख्खा फुलोरा आहे. आतला प्रत्येक पुंकेसर म्हणजे एकेक स्वतंत्र नर फूल आहे. त्याने पाकळ्या, पुष्पकोश, सगळे टाकून दिले आणि एकच पुंकेसर शिल्लक ठेवला. त्याच्या दांडीवर मध्येच एक सांधा असतो. सांध्याच्या खाली फुलाचा देठ आणि वर पुंकेसर, एवढाच पुरावा मागे राहिलेला आहे. मधला किंजपुट हे एकमेव मादी फूल. युफोर्बियाच्या साऱ्या जातींत, मग ती बोटभर उंचीची नायटी असो की आफ्रिकेतला घरापेक्षा उंच वाढणारा निवडुंगासारखा वृक्ष असो, हा पेला असतोच. पॉइन्सेटियाचा लाल रंगही पाकळ्यांचा नव्हे. लाल झालेली ती पाने आहेत. मध्यभागी जी बारीक पिवळी-हिरवी गर्दी दिसते, ते हे पेले.

कुळाची दुसरी खूण फळात सापडते. एरंडाचे बोंड सोलले की तीन कप्पे आणि तीन बिया निघतात. हीच त्रिभागी रचना नायटीच्या खसखशीएवढ्या फळात असते, निवडुंगाच्या फळात असते आणि रबराच्या मोठ्या फळातही असते. पिकल्यावर ही फळे बहुधा तडकतात आणि बिया दूर उडवतात. रबराच्या मळ्यात उन्हाळलेल्या दुपारी फळे फुटल्याचे आवाज ऐकू येतात. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातल्या सँडबॉक्स वृक्षाने तर तीनऐवजी पंधराएक कप्पे केले आणि फुटण्याचा जोर इतका वाढवला की बी ४० मीटरांपर्यंत फेकली जाते. एरंडाची बी उडून पडल्यावर तिचा पुढचा प्रवास पुन्हा मुंग्यांकडे जातो. बीच्या टोकाला जी मांसल गाठ असते ती मुंग्यांचे खाद्य. गाठीसाठी त्या बी ओढून नेतात, गाठ खातात आणि बी टाकून देतात.

फूल आणि फळ यांत ही शिस्त, पण देहाकडे वळले की सगळी शिस्त सुटते. वेली आहेत, झुडपे आहेत, ३० मीटरांहून उंच वृक्ष आहेत, पाणी साठवणारे मांसल खांब आहेत. सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करण्याच्या ज्या तीन तऱ्हा वनस्पतींत आढळतात, त्या तिन्ही युफोर्बिया या एका प्रजातीत एकत्र नांदतात. काही जाती बहुसंख्य झाडांसारख्या सरळ पद्धतीने जगतात. नायटी आणि तिच्या बहिणी ऊस, ज्वारी, मका यांच्या तऱ्हेने प्रखर उन्हाचा फायदा घेतात. म्हणून तापलेल्या डांबराच्या कडेलाही त्या तग धरतात. मांसल निवडुंगी जाती दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतात आणि रात्रीच्या गारव्यात हवा आत घेतात, म्हणजे पाणी वाया जात नाही.

निवडुंगांविषयी थोडे थांबायला हवे, कारण फसगत सर्वांत जास्त तिथेच होते. आपल्या माळरानांवर दोन वेगळ्या घराण्यांची काटेरी झाडे शेजारी-शेजारी वाढतात. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला, खऱ्या कॅक्टस कुळातला, सागरी व्यापाराबरोबर इकडे आलेला. त्रिधारी निवडुंग, काटे निवडुंग, थोर हे एरंड कुळातले. दोन्हींनी कोरड्या हवेशी सामना करताना एकच उपाय काढला: पाने कमी करायची, खोड हिरवे आणि रसाळ ठेवायचे, अंगावर काटे लावायचे. अमेरिकेत हे काम कॅक्टसने केले, आफ्रिका आणि आशियात युफोर्बियाने. दक्षिण आफ्रिकेच्या कारू प्रदेशातली युफोर्बिया ओबेसा तर चेंडूसारखी गोल आहे आणि एका अमेरिकन कॅक्टसच्या इतकी जवळ जाते की फूल नसताना नवखा माणूस चकतो. ओळखण्याची खूण मात्र सोपी आहे. युफोर्बियाला जखम झाली की पांढरा चीक वाहतो. कॅक्टसमधून सहसा पाणीच येते. युफोर्बियाचे काटे बहुधा जोडीने असतात, कॅक्टसचे एका लवदार ठिपक्यातून झुबक्याने निघतात. आणि फूल आले की प्रश्नच संपतो: कॅक्टसचे फूल पाकळ्यांनी भरलेले, युफोर्बियाचा तोच तो पेला.

असा देह उभा करायचा म्हणजे तो राखायचाही आला. या कुळाने राखणीसाठी जे जे केले त्याची यादी थक्क करणारी आहे. खाजकोलती ही पावसाळी वेल अंगभर केस बाळगते. केसाच्या टोकात कॅल्शियम ऑक्झलेटचा सुईसारखा स्फटिक असतो, तो कातडीत शिरतो आणि आग सुरू होते. आग्नेय आशियातल्या चांदाड्याच्या काही भाऊबंदांनी पोकळ खोडात मुंग्यांना घर दिले आणि वर खाद्याचे दाणेही पुरवले. खाडीतल्या गेव्याचा चीक डोळ्यात गेला तर काही काळ दृष्टी जाते. खारफुटीत लाकूड तोडणारे लोक त्याला म्हणूनच वचकून असतात. मोरोक्कोतल्या एका निवडुंगी युफोर्बियाच्या चिकात रेझिनिफेराटॉक्सिन नावाचे द्रव्य असते. मिरचीतले तिखट द्रव्य आपल्या ज्या चेतातंतूंना चेतवते, त्यांनाच हेही चेतवते, पण हजारपट जोराने. ते तंतू बधिर करून असह्य वेदना थांबवता येतील का, याचे संशोधन त्यामुळे सुरू झाले.

जमालगोट्याची कथा अशीच दुहेरी आहे. त्याच्या तेलाचे थेंबही जहाल जुलाब करतात. कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळले की हे तेल स्वतः कर्करोग सुरू करत नाही, पण दुसऱ्या कशाने सुरुवात झालेली असेल तर त्याला खतपाणी घालते. त्यातली फॉर्बॉल एस्टर वर्गातली द्रव्ये पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत नित्याची झाली. पेशींच्या वाढीचे संदेश कसे चालतात, हे समजायला त्यांची फार मदत झाली. याच गोत्रातले एक द्रव्य युफोर्बिया पेप्लस या तणातून काढून त्वचेच्या कर्करोगपूर्व डागांवर मलम म्हणून वापरायला अमेरिकेत २०१२ साली परवानगी मिळाली. त्यानेच त्वचेचा कर्करोग वाढत असावा या शंकेने युरोपात ते २०२० साली मागे घेतले गेले. या झाडांची औषधे सांगताना विष वेगळे काढून सांगता येत नाही.

आयुर्वेदाने हे फार आधी ओळखले होते. चरकसंहितेच्या कल्पस्थानात थोराच्या चिकावर आणि दंतीवर स्वतंत्र अध्याय आहेत. दोन्ही रेचके, आणि थोर तर अतितीक्ष्ण, जपून वापरायचा. भगंदरावर आजही वापरले जाणारे क्षारसूत्र या परंपरेतलेच. दोऱ्यावर थोराचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे थरावर थर चढवतात. प्रचलित पद्धतीत असे २१ थर असतात. चीक तिथे चिकटवण्याचेही काम करतो आणि कापण्याचेही. जो चीक झाडाने कुरतडणाऱ्याला जाळण्यासाठी बनवला, त्याचा जाळण्याचा गुण माणसाने नेमक्या जागी वळवला.

माणसाचे या कुळाशी असलेले व्यवहार पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते: आपण या झाडांचे सगळे घेतले, पण क्वचितच फूल घेतले. बी, मूळ, साल, चीक, पान, फळावरची भुकटी, हेच आपल्या कामाचे. शेंद्रीच्या, म्हणजे कुंकूफळाच्या, त्रिभागी फळांवर तांबडी भुकटी असते. ती बारीक ग्रंथी आणि केसांची बनलेली असते. तिने रेशमाला नारिंगी रंग देत आणि ती जंतांवर औषध म्हणूनही देत. आणि जे घेतले ते बहुतेक वेळा विष बाजूला सारून. एरंडाच्या बीत रायसिन हे अतिजहाल प्रथिन असते. ते पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून ते पेंडीत मागे राहते आणि तेल निर्धोक होते. पेंड गुरांपुढे न टाकता खत म्हणून मातीत घालण्याचा शेतकऱ्यांचा शिरस्ता या रसायनशास्त्राला धरूनच आहे. तेलातला जवळजवळ ९० टक्के भाग रिसिनोलिक आम्लाचा. त्यामुळे ते दाट असते आणि तापले तरी आपले काम करते. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांत ते वंगण म्हणून वापरले गेले. आज त्यापासून एका जातीचे नायलॉनही बनते. जगात एरंडीचे सर्वांत मोठे उत्पादन भारतात होते आणि त्यातला बहुतांश वाटा गुजरातचा. आसामात एरंडाच्या पानांवर एरी रेशमाचे किडे पोसतात.

साबुदाण्याचे उदाहरण तर आपल्या ताटातले. टॅपिओका हे दक्षिण अमेरिकेतले झाड. त्याच्या कंदात लिनामारिन असते. कंद चिरला-किसला की त्यातून सायनाइड मोकळे होते. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी किसून, पिळून, भिजवून, भाजून ते काढून टाकायची रीत बसवली, आणि पुढे हे पीक आफ्रिका-आशियात पसरले. पोर्तुगीजांनी ते भारतात आणले. त्रावणकोरचे महाराज विशाखम् तिरुनाळ यांनी १८८०च्या दशकात त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले, दुष्काळात लोकांना आधार असावा म्हणून. दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडून येणारा ताडाच्या गराचा साबुदाणा बंद झाला, तेव्हा तमिळनाडूतल्या सेलमच्या परिसरात टॅपिओकाच्या सत्त्वापासून साबुदाणा करण्याचा धंदा वाढीला लागला. कंद सोलून किसायचा, सत्त्व पाण्यात निवळू द्यायचे, त्याचे दाणे वळायचे, तव्यावर भाजायचे आणि उन्हात वाळवायचे. महाराष्ट्रातल्या एकादशीची खिचडी अशी एका परक्या, विषारी कंदावर उभी आहे, आणि उपासाच्या शुद्धतेला त्याची काही बाधा आलेली नाही.

रबराने तर साम्राज्ये हलवली. १८७६ साली हेन्री विकहॅम याने ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात पोचवल्या. रुजल्या त्या २,७००च्या आसपास. त्यांतली बहुतेक रोपे श्रीलंकेला गेली, काही पुढे सिंगापूरला, आणि तिथून आशियातले मळे उभे राहिले. केरळात पेरियारच्या काठी १९०२ साली व्यापारी लागवड सुरू झाली. अलीकडच्या काळात सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-सावंतवाडीच्या उतारांवरही रबर आले आहे. गंमत अशी की मायभूमीत मात्र रबराचे मळे तगले नाहीत. हेन्री फोर्डने १९२८ साली अमेझॉनच्या खोऱ्यात फोर्डलँडिया हे मळ्यांचे गाव वसवले. ते बुडाले, आणि त्याच्या कारणांतले एक मोठे कारण पानांवरचा बुरशीजन्य करपा. जंगलात दूरदूर वाढणारी झाडे दाट रांगांत लावल्यावर बुरशीला मोकळे रान मिळाले. आशियात झाड आले, बुरशी आली नाही.

या यशांबरोबर एक अपयशही नोंदवायला हवे. मोगली एरंड, म्हणजे चंद्रज्योत, ही पडीक जमिनीत वाढते आणि तिच्या बियांतून डिझेलला पर्याय मिळेल, असा उत्साह २००० नंतरच्या दशकात पसरला. योजना आयोगाच्या समितीने २००३ साली तिच्या मोठ्या लागवडीची शिफारस केली. झाड पडीक जमिनीत जगले हे खरे, पण पाणी आणि खत नसताना त्याने बिया पुरेशा दिल्या नाहीत. जगण्याची चिवटाई आणि पिकाची उत्पादकता या वेगळ्या गोष्टी आहेत. शतकानुशतके निवड करून सुधारलेले वाण हाती नसताना त्या एकच समजल्या गेल्या. मागे राहिली ती कुंपणे, आणि गोडसर चवीमुळे बिया खाऊन मुलांना विषबाधा झाल्याच्या अधूनमधून येणाऱ्या बातम्या.

कुळाच्या सीमांबद्दल दोन शब्द. जुन्या पुस्तकांत आवळा, भुईआवळी, असाणा, पुत्रंजीव हे सगळे एरंड कुळातच सापडतील. डीएनएच्या अभ्यासानंतर ते वेगळे काढले गेले. आवळा, भुईआवळी, असाणा एका कुळात, पुत्रंजीव दुसऱ्या. म्हणून या पुस्तकात त्यांना जागा नाही. उलट एका अनपेक्षित पाहुण्याचा उल्लेख टाळता येत नाही. सुमात्राच्या जंगलात रॅफ्लेशियाचे जवळजवळ मीटरभर रुंद फूल फुलते, जगातले सर्वांत मोठे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले की त्याचा वंश एरंड कुळाच्या शाखांमधूनच फुटलेला आहे आणि त्या वाटेवर फुलाचा आकार सुमारे ७९ पटींनी वाढला. वर्गीकरणात त्याला आता स्वतंत्र कूळ मानतात. पण जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिले तर रॅफ्लेशियाने नातलगांचा हिशेब बरोबर उलटा केला. त्याला खोड नाही, पान नाही. द्राक्ष कुळातल्या वेलीच्या आत तंतूंच्या रूपाने ते परपोषी जगते. देह उभारायचा आणि राखायचा खर्चच दुसऱ्यावर टाकला, आणि मग फुलावर हात सैल सोडला.

आता पुस्तकाविषयी. पहिला भाग फूल आणि फळ वाचायला शिकवतो, दुसरा राहणीनुसार झाडांची ओळख करून देतो, तिसरा माणसाच्या व्यवहारांचा आहे. मराठी नावे जिल्ह्यागणिक बदलतात, म्हणून प्रत्येक नोंदीत शास्त्रीय नाव देवनागरीत दिले आहे. औषधांच्या मात्रा मुद्दाम दिलेल्या नाहीत. फांदी तोडून चीक पाहायचाच असेल तर डोळ्यांपासून दूर धरावी आणि हात लगेच साबणाने धुवावेत.

शेवटची विनंती आपल्या घाटांसाठी. कात्रज, खंडाळा आणि पाचगणी ही तीन गावे युफोर्बिया काट्राजेन्सिस, युफोर्बिया खंडालेन्सिस आणि युफोर्बिया पांचगणिएन्सिस या नावांतून जगाच्या वनस्पतिशास्त्रात पोचली आहेत. शेवटच्या दोन जातींची पहिली शास्त्रीय वर्णने करण्यात मुंबईच्या सेंट झेव्हियर्स महाविद्यालयातले जेझुइट पाद्री एथेलबर्ट ब्लॅटर यांचा वाटा आहे. या दोघींनी आपली पुंजी जमिनीखालच्या जाड मुळात ठेवली आहे. पावसात पाने येतात, पुढे ती वाळून जातात, आणि जमीन मोकळी, ओसाड दिसत असतानाच मातीलगत फुलोरा येतो. रस्ता रुंद करायला, पठार सपाट करायला, वणवा लावायला लोक निवडतात तो काळ नेमका हाच. पठारावरच्या पावसाळी फुलांना आता पाहणारे आणि त्यांच्यासाठी बोलणारे मिळाले आहेत. कोरड्या दिवसांतल्या या पाकळ्या नसलेल्या फुलांना अजून फारसे कुणी नाही. वाचकांनी घाटावर एक फेरी त्या दिवसांत मारावी, खाली बसून भिंगातून पाहावे आणि दिसले ते जागेसह लिहून ठेवावे. ज्या जमिनीवर काहीच नाही असे कागदोपत्री लिहिले जाते, तिथे काय आहे हे नावानिशी सांगता आले, तरच ती राखा अशी मागणी करता येते.